लागतंय

डेल व्होंड्राच्या दुकानातून अठरा किलो दगड आणले,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले,
पुढच्या सीटवर, पट्टा बांधून,
गाडीचा हीटर त्यांच्याकडे वळवून.
ओमाहाच्या रस्त्यांवर मीठ पसरलेलं होतं,
बर्फासाठी.
समुद्र इथून कुठल्याही दिशेला दीड-दोन दिवसांवर.

पाणी मी घरीच केलं.
आधी त्यातलं होतं नव्हतं ते सगळं काढून घ्यायचं,
मग मोजून मीठ घालायचं.
डायलिसिस युनिटमध्ये अकरा वर्षं
साधारण हेच करते आहे.
तिथे खुर्च्यांत माणसं असतात, एवढंच.

डेल म्हणाला, मासे नकोत, निदान महिनाभर.
दिवे नकोत. मेलेलं असेल ते घासून काढ.
बाकी काही करू नकोस.
हे शेवटचं तो दोनदा म्हणाला.

त्याच आठवड्यात बाबा अंबडहून आले,
कानटोपी, दोन स्वेटर, वर माझा जुना कोट.
एकतीस वर्षं नगरपालिकेच्या पंपावर.
तळघरातल्या काचेपुढे हात मागे बांधून उभे राहिले.
"ह्यात पोहतं काय?"
काही नाही.
"मग?"
दगड जिवंत आहेत, मी म्हणाले.
वाटलं, हसतील.
हसले नाहीत.
त्यांचं नाव धोंडिराम.
आधीची तिघं पाळण्यातच गेली,
तेव्हा चौथ्याला असं नाव दिलं
की यमानं वळूनसुद्धा बघू नये.

बाथरूमच्या कपाटात राहून गेलेल्या एका टूथब्रशने
आम्ही मेलेला स्पंज खरवडत बसलो,
खाऱ्या पाण्याच्या बादलीत.
ब्रश कुणाचा, हे बाबांनी विचारलं नाही.
दगड उलटा करताना खालून तळवा देत होते,
बाळाची मान धरावी तसा.
एका भोकातून केसाळ, तांबूस काहीतरी निघालं,
वळवळलं, परत आत गेलं.
"आहे की घरात कुणीतरी," ते म्हणाले.

नवव्या दिवशी वास सुटला.
दगडांवर पांढरं, कापसासारखं काही चढलं,
नळीतलं पाणी थेंब टाकताच गर्द हिरवं.
दगडालाही पाझर फुटतो म्हणतात;
माझ्या दगडांना फुटला, तो अमोनियाचा.
रात्रपाळीहून येऊन, बूटही न काढता
मी अर्धी टाकी उपसली,
भरली,
पुन्हा तपासलं. हिरवंच.
नासलं सगळं, मी म्हणाले,
आणि तेवढंच म्हणायचं होतं तरी
बराच वेळ म्हणत राहिले.

बाबा जिन्यावर बसले होते, कधीपासून कोण जाणे.
उठले, काचेच्या कडेवर वाकले,
दोनदा हुंगलं.
आई गेल्यावर साठीत ते दही लावायला शिकले,
तेव्हा सकाळी पातेल्यावर असेच वाकायचे.
"नासलं नाही गं.
नासल्याचा वास वेगळा.
हे लागतंय.
विरजण आहे हे, सारखं हलवू नको."
आणि वरून एक जुनी चादर आणून
टाकीवर घातली, पंपापुरती फट ठेवून.

चौतिसाव्या दिवशी नळी पिवळी राहिली.
मी तीनदा मोजलं. पिवळी.
मधल्या दगडाच्या बगलेत
नखाएवढा जांभळा डाग उमटला होता, खडूसारखा कोरडा दिसणारा.
रात्री कधी आतून टक् असा आवाज येतो.
टॉर्च घेऊन गेले की थांबतो.
कोण आहे, अजून कळलेलं नाही.

बाबा मार्चमध्ये परत गेले.
मासे मी अजून सोडले नाहीत.
डेल आता उलटं विचारतो, कशासाठी थांबली आहेस?
सहा गोगलगायी आहेत, त्या काचेवर
हळूहळू आपापल्या वाटा पुसत फिरतात.

रविवारी फोन येतो.
"दगड काय म्हणतात?"
मी फोन काचेला टेकवते.
पलीकडे अंबडमध्ये ते बराच वेळ ऐकतात.
मग म्हणतात,
"पंप घरघरतोय.
बेअरिंग बघून घे त्याचं."