मोजमाप पुस्तिका

बाळकुमच्या अलीकडचा तलाव.
जलपर्णी शंभर टक्के काढल्याचा दाखला
मला लिहायचा होता.
ठेकेदाराचं देयक अडलेलं,
साहेबांचे सकाळपासून तीन फोन,
आणि थर्माकोलवर फळी बांधलेल्या तराफ्यावर
फितीचं दुसरं टोक धरून हिराजी भोईर.

एवढा तुकडा का ठेवलात? मी विचारलं.
ईशान्य कोपरा. गेल्या गणपतीतलं मखर अडकलेलं,
दोन नारळ, एक चप्पल,
आणि त्या सगळ्यावर माजलेलं हिरवं.
“तथं तो बसलाय.”

मला दिसेना. मग दिसला.
पितळी भांडं चिंचेनं घासता घासता
कुणी मध्येच उठून जावं, तशी पाठ.
भुवईला पांढरी रेघ.
आणि बोटं!
छत्रीच्या काड्या उपसून लावाव्यात, तशी.
पानाला कळू न देता पानावरून चालायचं
तर इतकं पसरावं लागत असेल.

तो उठला. खाली चार अंडी,
तपकिरी, वर काळ्या गिचमिड रेघा,
नवं पेन चालतंय का बघायला
कुणी फराटे ओढावेत तशा.

“मादी ना?”
“बापूस हाय तो, मॅडम.
आयस गेली पल्याडच्या डबक्याव, दुसऱ्याकरं.
याची काय तक्रार नाय.”
तंबाखू मळत पुढे म्हणाला,
“आमी याला पानावरचा जावई म्हन्तो.”

शाळेत जाताना माझ्या वेण्या कोण घालायचं,
एक रिबीन कानाशी, एक मानेवर,
हे मी हिराजीला सांगितलं नाही.
फीत गुंडाळली.

पुस्तिकेत लिहिलं:
ईशान्य बाजू, सहा गुणिले चार मीटर, काम शिल्लक.
पुढे कारणाचा रकाना.
त्यात पक्षी लिहून चालत नाही.
लिहिलं, पाणी खोल.
हिराजीनं वाकून वाचलं.
“खोलच हाय,” म्हणाला,
गुडघाभर पाण्यात उभा राहून.

पाच आठवड्यांनी गेले.
देयक निघालं होतं,
चोवीस चौरस मीटर वजा करून.
जलपर्णी तलावभर परतली होती;
निविदा तिला कुणी वाचून दाखवली नसावी.
तिच्या कडेकडेनं बापूस चालला होता,
पंख अंगाशी घट्ट,
आणि पंखांखालून लोंबत होती
बारीक पायांची जुडी.

मी मोजले. सवयच ती.
सहा पाय.
म्हणजे तीन.
चौथ्याचं हिराजी काही बोलला नाही,
मीही विचारलं नाही.

रस्त्यापलीकडे मेट्रोच्या खांबाशी
यंत्र धडधडायला लागलं.
तो पानावर थांबला. पान जरासं बुडालं.
आणि ती जुडी
थोडी वर ओढली गेली.