सुटं निघालेलं पान

गंगावेशीत, दस्तगीर बाइंडरच्या माळ्यावर,
पूर ओसरून तिसरा आठवडा.
ॲटलास उघडला तर
बाकीचे देश एकमेकांना चिकटून बसलेले,
सुटं निघालं फक्त वाळवंट.

ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली वाळू,
उंटांच्या वाटेची तुटक रेघ,
मुंगीएवढ्या अक्षरांत: विहीर, पाणी खारट.
आणि या सगळ्यावरून आडवी
पंचगंगेची तपकिरी कड.

‘पुसून काढू काय ओ?’ दस्तगीर म्हणाला.
बोळा ओला करूनच बसलेला.

राहू दे म्हटलं.

दीडशे वर्षांपूर्वी कुणा साहेबानं
मधला वीतभर कागद कोरा सोडला होता,
तिथं काय आहे माहीत नाही म्हणून.

गाळ नेमका तिथंच वाळलाय.
बोट फिरवलं,
खरखरतंय.