पोचट

मेपल म्हणतात त्याला, तुळाजी सपकाळ सांगतो,
आणि 'प' जरा जास्तच दाबतो.
पाचगणीत, शाळेच्या मागं, पाण्याच्या टाकीला टेकून
एकच आहे.

साल तांब्याची, विडीच्या पानासारखी सुटत राहते;
पोरं तिच्यावर बारीक अक्षरात सूत्रं लिहून
परीक्षेला नेतात.
पानं लाल होतात का? पाहुणे विचारतात.
होतात. जानेवारीत, चार दिवस,
तेही टेबललँडवरून वारं सुटलं नाही तर.

बी गळतं तेव्हा मात्र बघावं.
जोडीनं, पंख लावून,
भिंगरत उतरतं सिल्व्हर ओकच्या सावलीत.
तुळाजी एकेक उचलतो, नखानं चिरतो.
पोचट.
पुढचं.
पोचट.

"जवळपास दुसरं झाड नाही ना,"
कराडच्या कॉलेजातल्या बाई म्हणाल्या होत्या,
"शंभरात एखादं भरलेलं निघालं तर नशीब."
त्यानं ते शंभर मनावर घेतलं.
आता अकरावं वर्ष. वहीत, दुधाच्या हिशेबाखाली,
आकडा आहे: चार हजार दोनशे सहा.

काल एक माझ्या तळहातावर ठेवलं.
"हे तुम्ही चिरा. माझं नख दुखतंय."

अजून खिशातच आहे.