कूलरचा पाय

गड्डीगोदामच्या मागच्या गल्लीत
खाली टायरचं गोदाम, वर आमची प्रार्थनेची खोली.
मार्चच्या एका रविवारी जिन्यावर पावलं वाजली
तेव्हा शांतवनमामा पेटीवर सूर शोधत होते.
पेटीचा भाता फाटला. मामांचं मनगट मोडलं.
कूलरची जाळी आत गेली,
आणि एक दगड गडगडत
फडक्यात झाकलेल्या भाकरीपाशी येऊन थांबला.

ठाण्यात साहेबांनी विचारलं, कोणाला ओळखता?
आईनं पदर सारखा केला.
"ओळखतो ना. आपल्याच वस्तीतली पोरं."
नावं सांगा.
"नावं मी रोज घेते, साहेब. पण इथं नाही."
साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

बाहेर येऊन मी तिला म्हटलं,
मामांचं मनगट तुझं नव्हतं, माफ करायला.
तिच्याकडे उत्तर नव्हतं.
सदरपर्यंत आम्ही दोघी
अनोळखी बायांसारख्या चाललो.

मे लागला. पारा सेहेचाळीसवर.
आईनं चौकातून मेकॅनिक बोलावला,
आणि आला तो लोकेश.
पिशवी खांद्यावर, नजर पायऱ्यांत.
त्यानं वाळ्याच्या ताट्या बदलल्या,
जाळी ठोकून सरळ केली, मोटरला तेल दिलं.
"स्टँड डुगडुगते काकू. खाली द्याले काही आहे का?"
आईनं कोपऱ्यातून तोच दगड आणला.

तिचा हात खालून, त्याचा वरून.
मला वाटतं, क्षणभर दोघांनीही सोडला नाही.
मग तो वाकला, लोखंडी पायाखाली दगड सरकवला,
तळव्यानं दाबून पाहिला.
"बसला," म्हणाला.
"पाणी पे बापू. ऊन लय आहे."
तो वरून प्यायला, अर्धं शर्टावर सांडलं.
मजुरी साडेचारशे.
आईनं घासाघीस केली, चारशेच दिले.

रविवारी खोलीभर वाळ्याचा वास.
मामा एका हातानं मांडीवर ताल धरत होते,
आणि मी मुद्दाम भिंतीशी,
वारा लागणार नाही अशी बसलेली, घामानं चिंब.
आई नावं घेऊ लागली:
ज्याला डायलिसिस आहे तो, जिचं लग्न जमत नाही ती,
गोदामाचा मालक,
लोकेश.
आमेन, सगळे म्हणाले.
माझे ओठ मिटलेले.

तेवढ्यात कूलरच्या पट्ट्या खडखडत वळल्या
आणि गार झोत माझ्या पाठीवर आला,
न विचारता.
मी हलले नाही.