डबीतलं पाणी

मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास
अजनीच्या क्वार्टरमध्ये काही ना काही तडकायचं.
दाराची चौकट, कॅरमबोर्ड,
बाबांच्या टाचा.
त्या दिवशी आवाज पेटीतून आला.
टक्,
सुपारी फुटावी इतकाच.

ते व्हायोलिन बाबांनी लिलावात घेतलं होतं,
गाडीत विसरलेल्या, कुणीच न्यायला न आलेल्या सामानाच्या,
दोन छत्र्या आणि एका होल्डॉलसकट.
आत लेबल होतं, ओलाव्यानं पुसलेलं.
शेवटी फक्त 'बर्ग' एवढंच वाचता यायचं.
गाव बर्फाचं असावं.

सदरचे गडपायले बोटानं लाकूड ठोकून म्हणाले,
"काहून, कूलरसमोर ठेवत होते का याले?"
होतो.
आपल्याला बरं वाटतं ते त्यालाही वाटेल, असं वाटायचं.
"वाळ्याची हवा माणसाले. याले नुसती ओल पाह्यजे,
डोळ्याले दिसनार नाही एवढी.
पानी लागलं तं मेलं, नाही लागलं तंही मेलं."
सरस लावून त्यांनी चीर बुजवली
आणि किती टिकेल ते सांगितलं नाही.

तेव्हापासून साबणाची डबी, दाभणानं पाडलेली भोकं,
आत स्पंज, पिळून पिळून.
एका वर्षी मी गुपचूप संत्र्याची सालं घातली.
चार दिवस पेटी उघडली की काटोल.
पाचव्या दिवशी मखमलीवर हिरवी बुरशी.
बाबा रागावले नाहीत.
जुना टूथब्रश घेऊन रात्री उशिरापर्यंत घासत बसले,
खालची बत्ती तेवढी लावून.

आता मनीषनगरात पेटीत काटाही आहे, रुपयाएवढा.
बाहेर बारा टक्के, आत पंचेचाळीस.
जुलैत खुंट्या फुगून बसतात,
तेव्हा स्पंजाला सुट्टी.

मागच्या मेमध्ये आठवडाभर गावाला जायचं होतं.
झाडेकाकूंना किल्ली दिली, फ्रिजवर चिठ्ठी:
मोगरा रोज. कोरफडीला नको.
व्हायोलिन एक दिवसाआड, चमचाभर, नीट पिळून.
काकूंनी दोनदा वाचली.
"वाजवता वाटतं तुम्ही?"
नाही.
बाबाही नव्हते वाजवत.
"मग?"

रिक्षा खाली हॉर्न मारत होती.
"कुणी न्यायला आलं तर," मी म्हटलं.

काकू थोडा वेळ पेटीकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या,
"चमचा कोणता, चहाचा का पोह्याचा?"