नऊशे ऐंशी ग्रॅम

देवगडच्या लिलावात एवढ्याला आम्ही किलोच म्हणतो.
ओरोसच्या काचेत मात्र
वीस ग्रॅमसुद्धा कुणी सोडत नाही.
पायाला पट्टी: हेमांगी तारी यांचं बाळ.
नाव नाही अजून. आधी पोट चालू होऊ दे,
असं माझं मीच ठरवलेलं.

तोंडातून नळी आत गेलीय,
गळाच्या तंगुसाहून थोडी जाड.
सिरिंजला दट्ट्या नाही.
हेमांगी ती उंच धरून उभी राहते,
दूध आपल्याच वजनानं उतरतं,
दोन मिली, दर दोन तासांनी.
हात खाली आला की दूध थांबतं.
टाके ओले आहेत तिचे.
हात खाली येत नाही.

डॉक्टर लंगोटातलं काळं-हिरवं चिमूटभर
डबीत भरतात, झाकणावर तारीख घालतात.
मी विचारलं, एवढ्याशा शीत काय बघता?
म्हणाले, आत कोण कोण राहायला आलंय ते.
काही जंतू आईच्या अंगावरनं येतात, काही दुधातनं,
आणि काही या नळीतनं.
आतून थर धरतो, बुळबुळीत,
दूध त्याच्यावरनं जाताना त्यांना घेऊन जातं.
म्हणून नळी बदलायची.
त्यातले भले कुठले, बुरे कुठले,
सगळं आम्हालाही अजून कळलेलं नाही, म्हणाले.

थर म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको.
आठ दिवस पाण्यात राहिलेला दोर
दोर राहत नाही.
आधी शेवाळ, मग कालवं,
मग कालवांच्या आडोशाला खेकड्याची पिल्लं.
नारळी पौर्णिमेआधी मी होड्यांचे तळ खरवडतो
आणि तळ बघून सांगतो,
ही विजयदुर्गच्या खाडीत उभी होती,
ही आत, गोड्या पाण्याला,
ही नुसतीच बंदरात, डिझेलच्या तवंगात.
तुझा तळ, बाय, कुठल्या बंदरात उभा आहे?
फिनेलच्या?

पहिल्या दिवशी चीक आला होता,
पिवळा, वाटीच्या बुडाला पुसून घ्यावा एवढा.
मी म्हटलं, हा काय पुरणार.
धुरी सिस्टरनी कापसाच्या काडीनं
तो गालाच्या आतून फिरवला.
म्हणाल्या, हे पोट भरायला नव्हे. हे विरजण.
तेव्हा पटलं.
विरजण कुणी तांब्याभर घालतं का?

पंधराव्या दिवशी पोट फुगलं.
नळीतनं हिरवं परत आलं. दूध बंद.
दोन रात्री बाहेरच्या बाकावर
मी आणि एक कुत्रा.
तिसऱ्या दिवशी एक मिली.

आज मी हात धुतोय. कोपरापर्यंत. परत.
नखांतलं वंगण जात नाही.
धुरी सिस्टर म्हणतात, पुरे आता, शर्ट काढा.
बाळ छातीवर ठेवतात, नळीसकट.
माझ्या एका तळव्यात सगळी पाठ मावते.
श्वास मी जपून घेतो.
माझ्या कातडीवर जे काय राहत असेल,
मिठातलं, मासळीतलं, माझ्या आईकडनं आलेलं,
त्यातलं बरं तेवढं घे गो.
बाकीचं ऱ्हवांदे.

वर हेमांगीचा हात.
दूध उतरतंय.