हातमोजे

जूनची तीस तारीख, संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं.
करार संपलेल्यांच्या बाजाराचं दार उघडून दहा मिनिटं झाली
आणि ट्रुइट कुठे जाणार
हे मिलवॉकीत बहुधा एकट्या ट्रुइटला माहीत नाही.
बाकी सगळ्यांना माहीत आहे.

गॅपिन्स्की खाटीक सॉसेजची माळ तोडता तोडता सांगतो, ह्यूस्टन.
त्याच्या मेव्हण्याचा मित्र विमानतळावर इंधन भरतो,
मंगळवारी एक छोटं पांढरं विमान दक्षिणेकडे उडालं.
आत कोण होतं ते दिसलं नाही,
म्हणजे तोच होता.

छे, डेन्व्हर, पा चिया म्हणते.
त्याची बायको तिच्या टेबलावरची कोथिंबीर हुंगत
उंचावर भात शिजायला किती वेळ लागतो, असं विचारत होती.
एवढ्याशा भातावर केवढा डोंगर!

पास्टर एल्रॉय म्हणतात, राहील तो.
पास्टर सगळ्यांबद्दल असंच म्हणतात.
चामड्याचा कारखाना राहील म्हणाले होते,
माझे दोन्ही मुलगे राहतील म्हणाले होते.
मुलगे अटलांटात आहेत, नाताळला फोन करतात.

तुरी अजून बाजारातच
आणि इथे वजनकाट्याभोवती हमरीतुमरी.
कुणी म्हणतं चार वर्षं, कुणी म्हणतं दोन,
आकडे असे फेकतात
जणू यांच्याच खिशातून जाणार आहेत.

मग सगळे माझ्याकडे बघतात.

मी ओडेसा पेटवे.
शाळेसमोरच्या चौकात अकरा वर्षं पाटी धरून उभी आहे.
पाटीवर दोन्ही बाजूंनी एकच शब्द: थांबा.
दुधाचा ट्रक थांबतो. एकदा महापौरांची गाडी थांबली.
त्याचीही थांबायची,
सहा फूट नऊ इंचांचा माणूस
स्टिअरिंगमागे घडी घालून ठेवल्यासारखा,
दोन बोटं वर करायचा,
आणि मिकाया उतरायची, पुढचा दात पडलेली,
दप्तर पोटऱ्यांवर आपटत.

'तुला ठाऊक असणारच,' गॅपिन्स्की म्हणतो,
आणि माझ्या कागदात दोन सॉसेज जास्तीची टाकतो.
मी काही बोलत नाही.
सॉसेज मात्र परत करत नाही.

शाळेच्या शेवटच्या दिवशी कपाटं रिकामी करतात.
मिकाया रस्ता ओलांडून आली, थबकली,
लोकरीचे हातमोजे माझ्या हातात कोंबले.
एकतीस डिग्री ऊन, डांबराचा वास,
आणि हातमोजे!
'तुम्हीच ठेवा,' म्हणाली, 'मला आता लागणार नाहीत.'
आणि पळाली.

तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.
लागणार नाहीत म्हणजे
जिथे चाललोय तिथे बर्फ पडत नाही?
मग मायामी. मग फिनिक्स. मग गॅपिन्स्कीचं ह्यूस्टनसुद्धा.
की पोरीचे हात वाढले, एवढंच?
आठव्या वर्षी हात वाढतातच.
बापाचे पंजे तर चेंडू लिंबासारखा धरतात.

बघा, मीही त्यांच्यातलीच.
त्यांच्याकडे विमान आहे, भात आहे,
माझ्याकडे लोकर.

कुणाचा तरी फोन वाजतो.
सुरी थांबते, पास्टर थांबतात,
पंखासुद्धा थांबल्यासारखा वाटतो.
गॅपिन्स्कीची बायको: येताना पाव आण.

मी पिशवीत हात घालून उभी.
डाव्या हातमोज्याच्या अंगठ्याशी एक भोक आहे,
जांभळ्या दोऱ्याने शिवलेलं,
टाके वाकडे, मोठे मोठे,
सुई बोटांत मावत नसल्यासारखे.
त्या घरात नवे घेता आले असते, शंभर जोड.
कुणी बसून शिवलं असेल हे,
कुठल्या सामन्याच्या आदल्या रात्री,
ते मात्र इथे कुणी विचारत नाही.